"सगळं एकाच फाईलमध्ये लिहा!"

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग घरात दोन लग्नं झाली, लिहायचं राहूनच गेलं. आज मात्र राहवत नाही. चार दिवस झाले, एक वाक्य डोक्यात घोळतंय आणि प्रत्येक वेळी नव्याने राग येतोय. वाक्य साधंच आहे. "कशाला नसत्या भानगडीत पडता? सगळं एकाच फाईलमध्ये लिहा!"

हे वाक्य माझ्या नातवाला त्याच्या कॉलेजातल्या सरांनी ऐकवलं. कॉलेजचं नाव सांगणार नाही, सरांचं तर नाहीच. कारण माझं भांडण एका माणसाशी नाही, शिकवण्याच्या एका सवयीशी आहे. आणि ती सवय मला चांगली ओळखीची आहे. का, ते शेवटी सांगते.

आधी थोडी पार्श्वभूमी. (नातेवाईकांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल, त्यांना पाठ आहे.) मी मराठी विषय घेऊन बी. ए. झालेली. चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. कॉम्प्युटरशी संबंध आला तो निवृत्तीनंतर, या ब्लॉगपुरता. धाकट्या लेकीचा मुलगा शिक्षणासाठी माझ्याकडे राहतो. गेल्या पावसाळ्यात तो 'सी' भाषा शिकत होता आणि मला दुपारी उद्योग नव्हता. "आजी, तुला नाही कळायचं" असं तो म्हणाला, आणि मग मी बसलेच! मला फार काही येतं असा दावा नाही. पण जे कळलं ते नीट कळलं, एवढं म्हणू शकते.

तर त्याला आणि त्याच्या तीन मित्रांना सबमिशनसाठी एक प्रोग्रॅम करायचा होता. मीच विषय सुचवला. आमच्या गल्लीत चौदा बायकांचा बचत गट आहे. त्याचा हिशोब वहीत चालतो. म्हटलं, तोच करा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. पोरांनी शहाणपणानं कामं वाटून घेतली. एकानं सभासदांची यादी, एकानं कर्जावरचं व्याज, एकानं पावती, आणि आमच्या चिरंजीवांनी सगळ्यांना हाक मारणारा मुख्य भाग. चार मुलं, चार फाइली. मला तर कौतुक वाटलं. चार जणी मिळून पुरणपोळ्या करतात तेव्हा एकीनं पुरण शिजवावं, एकीनं कणीक भिजवावी, तसंच हे.

आणि मग जोडायची वेळ आली. रात्री अकरा वाजले तरी पोरगा स्क्रीनसमोर. शेवटी म्हणाला, "आजी, मला हे जमणार नाही. मी ही लाइन सोडतो." हसत म्हणाला असता तर मी लक्ष दिलं नसतं. तो हसत नव्हता.

स्क्रीनवर काय होतं? 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू पावती'. (हे सगळं यंत्रावर रोमन अक्षरांत असतं. हा ब्लॉग मराठी आहे म्हणून मी देवनागरीत लिहिते आहे.) मी ते वाक्य वाचलं, जसं मी कोणतंही वाक्य वाचते. रेफरन्स म्हणजे उल्लेख. उल्लेख आहे, पण ज्याचा उल्लेख आहे ती वस्तू नाही. सरकारी पत्रात "सोबत दाखला जोडला आहे" असं लिहायचं आणि दाखला टेबलावरच विसरायचा, तसं. मी विचारलं, "अरे, पावतीची फाईल दिलीस का त्याला?" त्यानं कमांड पाहिली. 'जीसीसी मेन.सी सभासद.सी व्याज.सी'. पावती.सी द्यायचीच राहिली होती! एक नाव वाढवलं आणि तो संदेश गेला.

आता मला सांगा, ज्या मुलानं दीडशे ओळी बिनचूक लिहिल्या त्याला हे का कळू नये? बुद्धी नाही म्हणून? नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की प्रोग्रॅम 'बनतो' तेव्हा दोन वेगवेगळी कामं होतात. त्याला एक हिरवं बटण दाखवलं होतं. बटण दाबलं की प्रोग्रॅम चालतो, नाहीतर लाल अक्षरं येतात. संपलं शिक्षण.

मी त्याला दिवाळी अंकाची गोष्ट सांगितली. अंकात कथा एकाची, लेख दुसऱ्याचा, कविता तिसऱ्याची. प्रत्येक मजकूर वेगवेगळा तपासला जातो, छापला जातो. कथेचं शुद्धलेखन तपासणाऱ्याला लेख पाहावा लागत नाही. हा झाला कंपायलर. तो एका वेळी एकच सी फाईल घेतो, तपासतो आणि यंत्राच्या भाषेत तिची एक ऑब्जेक्ट फाईल बनवतो. 'जीसीसी डॅश सी व्याज.सी' म्हटलं की तो इथेच थांबतो आणि व्याज.ओ अशी फाईल ठेवतो. त्या फाईलमध्ये दोन प्रकारच्या नावांची नोंद असते. "हे माझ्याकडे आहे" आणि "हे मला बाहेरून हवं आहे". 'एनएम' नावाची कमांड दिली की ती यादी दिसते. हवं असलेल्या नावापुढे 'यू' हे अक्षर असतं. मग सगळे छापील फर्मे जातात बाइंडरकडे. तो एकाचं 'हवं' दुसऱ्याच्या 'आहे'शी जुळवतो आणि शिवतो. हा लिंकर. फर्मा पोचलाच नाही तर बाइंडर ओरडणारच. तो काही कथालेखकाचं शुद्धलेखन चुकलं म्हणून ओरडत नसतो!

पोराचा चेहरा उजळला. वीस मिनिटं लागली, मंडळी. फक्त वीस मिनिटं. आणि पुढचं सेमिस्टर संपेपर्यंत वर्गात ही वीस मिनिटं कुणाला सापडली नव्हती.

आता सरांचे उपाय ऐका. पहिला, "सॉफ्टवेअर काढून परत टाक." दुसरा, "मुख्य फाईलमध्ये बाकीच्या सी फाइली इन्क्लूड कर." आणि तिसरा म्हणजे वरचं सुभाषित.

दुसऱ्या उपायाबद्दल बोलते. इन्क्लूड म्हणजे त्या फाईलचा मजकूर जसाच्या तसा इथे उतरवणं. सी फाईल इन्क्लूड केली की चार फाइली पुन्हा एकच होतात. एकदा चालतंही. मग कुणीतरी तीच फाईल कमांडमध्येही देतो आणि प्रत्येक फंक्शन दोनदा हजर होतं. लिंकर म्हणतो 'मल्टिपल डेफिनिशन'. आधी फर्मा नव्हता, आता एकाच फर्म्याच्या दोन प्रती आल्या. दुखणं तेच राहिलं, फक्त नाव बदललं.

याहून मोठा राग मला एका अर्धसत्याचा आहे. मुलांना पहिल्याच दिवशी सांगतात की प्रिंटएफ हे फंक्शन 'एसटीडीआयओ.एच' या हेडरमध्ये असतं. नसतं हो! हेडरमध्ये फक्त घोषणा असते, म्हणजे अमुक नावाचं फंक्शन आहे, ते अमुक घेतं आणि अमुक देतं. खरं फंक्शन असतं लायब्ररीत, आणि ते लिंकर जोडतो. हेडर म्हणजे अनुक्रमणिका. अनुक्रमणिकेत "कथा, पान ८४" लिहिलं म्हणून कथा तिथे वाचता येत नाही.

पुरावा हवा? लिनक्सवर 'मॅथ.एच' इन्क्लूड करा आणि वापरणाऱ्यानं टाइप केलेल्या संख्येचं वर्गमूळ काढा. हेडर आहे, स्पेलिंग बरोबर आहे, तरी 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी'! कारण तिथे गणिताची लायब्ररी वेगळी असते आणि कमांडच्या शेवटी 'डॅश एलएम' लिहून ती मागावी लागते. सरांनी ही जादूची दोन अक्षरं पाठ करून घेतली होती. का, ते सांगितलं नाही. गंमत म्हणजे ४ सारखी ठरलेली संख्या थेट कंसात लिहिली तर जीसीसी वर्गमूळ आधीच काढून ठेवतो आणि 'डॅश एलएम' नसतानाही चालतं. म्हणजे कधी चालतं, कधी नाही. ज्याला कारण माहीत नाही त्याला हा नशिबाचा खेळ वाटणार. आणि जे नशिबावर चालतं त्याला विद्या म्हणत नाहीत.

तिसरा प्रसंग. पोरांनी 'एकूण सभासद' हा आकडा हेडरमध्येच मांडला होता, 'इंट एकूण;' असा, आणि ते हेडर चौघांनीही घेतलं. कॉलेजात चाललं. घरी 'मल्टिपल डेफिनिशन'. सर म्हणाले, घरच्या मशीनमध्ये व्हायरस आहे! व्हायरस कसला? कॉलेजातला जीसीसी जुना. जुना कंपायलर अशा चार घोषणा गुपचूप एकत्र करून टाकत असे. २०२० साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून ती सवलत मुळातच बंद झाली. हेडरमध्ये लिहायचं 'एक्सटर्न इंट एकूण;', म्हणजे "असा आकडा कुठेतरी आहे", आणि तो खरोखर मांडायचा कुठल्यातरी एकाच सी फाईलमध्ये. पोरं म्हणाली, "पण आम्ही हेडर गार्ड लावला होता!" गार्ड एकाच फाईलमध्ये तेच हेडर दोनदा उतरू नये म्हणून असतो. चार वेगळ्या फाइली चार वेगळ्या वेळी कंपाइल होतात, तिथे तो काय करणार? दाराला कडी लावली म्हणून शेजारच्या घरात चोर शिरायचा थांबत नाही.

आता जे सांगते त्यासाठी खरं तर हा लेख आहे.

सगळं जुळलं. एकही लाल अक्षर नाही. प्रोग्रॅम चालला, छान तक्ता छापून आला. पोरं खूश, मीही खूश. मी तो कागद गटाच्या खजिनदार बाईंकडे नेला. त्या सातवी शिकलेल्या आहेत. त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवलं आणि विचारलं, "बाई, ह्या महिन्यात सगळ्यांना व्याज माफ का?"

व्याजाच्या रकान्यात सगळीकडे शून्य होतं. पाच हजारांवर महिना दोन टक्क्यांनी शंभर रुपये यायला हवेत. पोरांनी तो रकाना पाहिलाच नव्हता, आणि मीही नाही.

झालं असं होतं. व्याजाचं फंक्शन लिहिणाऱ्या मुलानं ते अपूर्णांकात लिहिलं, 'डबल व्याज(डबल, डबल)'. आमच्या नातवानं मुख्य फाईलमध्ये हेडर न घेता हातानंच घोषणा लिहिली, 'इंट व्याज(इंट, इंट)'. त्याला वाटलं, रुपये तर पूर्णच असतात. कंपायलरनं एकेक फाईल वेगळी पाहिली, दोन्ही आपापल्या जागी शुद्ध. लिंकर सीमध्ये फक्त नाव बघतो. काय घेतं, काय देतं, हे तो पाहत नाही. तुमचा बाइंडरसुद्धा कथा वाचत नाही, पान क्रमांक बघतो. नाव जुळलं, लग्न लागलं! मग एकानं रक्कम एका खिशात ठेवली आणि दुसऱ्यानं भलत्याच खिशात हात घातला. आमच्या नशिबी शून्य आलं, दुसऱ्या मशीनवर आणखी काही येऊ शकलं असतं. म्हणूनच नियम असा की घोषणा हेडरमध्ये एकदाच लिहायची आणि ते हेडर बोलावणाऱ्यानंही घ्यायचं आणि फंक्शन लिहिणाऱ्यानंही. दोघांनी घेतलं की विसंगती कंपायलरच्या नजरेला येते आणि तो तिथेच थांबवतो. आम्ही तसं केलं आणि चूक लगेच सापडली.

'एकाच फाईलमध्ये लिहा' म्हणणाऱ्यांना वाटतं, हा फाइलींच्या सोयीचा प्रश्न आहे. नाही हो. दोन माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द कुठे लिहून ठेवायचा आणि तो पाळला जातोय का हे कोण पाहणार, हा प्रश्न आहे. ज्यानं आयुष्यभर एका फाईलमध्ये लिहिलं त्याला हा प्रश्न पडतच नाही. आणि मग तो कुठेतरी नोकरीला लागतो आणि लोकांचे हिशोब लिहितो. तिथे प्रत्येक वेळी चष्मा लावून बोट फिरवणारी खजिनदार असेलच असं नाही.

आता आक्षेप. घरातल्यांनी घेतलेत, तुम्हीही घ्याल.

"सुरुवातीच्या मुलांना हे झेपत नाही." डेनिस रिची यांनी ही भाषा सत्तरीच्या दशकात बेल लॅब्जमध्ये घडवली. केर्निघन आणि रिची यांचं पुस्तक १९७८ साली आलं. त्याच्या १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत चौथ्याच प्रकरणात एक छोटा कॅल्क्युलेटर चार सी फाइली आणि एक हेडर असा वेगळा करून दाखवला आहे. ज्यांनी भाषा केली त्यांना हे चौथ्या प्रकरणात झेपेल असं वाटलं. आम्हाला शेवटच्या वर्षीही वाटत नाही!

"मोठी माणसंही एका फाईलमध्ये देतात, एसक्यूलाइट बघा." देतात खरं. पण ती मंडळी शंभराहून अधिक फाइलींमध्ये काम करतात आणि वाटण्यापुरती एक फाईल यंत्राकडून जोडून घेतात. बांधून झालेला अंक दाखवून संपादकाला "फर्मे कशाला?" असं विचारण्यासारखं आहे हे.

"आता एआय लिहून देतो." देऊ दे की. आमचं शून्यही यंत्रानंच बिनतक्रार छापलं होतं. लिहिणारा कुणीही असो, जोड तपासणारा माणूस लागतो.

"चुका होतात, वेळ जातो." होतातच. बेल लॅब्जमध्येही व्हायच्या. तिथे एकानं बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्यात अख्खी सकाळ घालवली. कारण दुरुस्त केलेली फाईल पुन्हा कंपाइलच केली नव्हती, जुनीच ऑब्जेक्ट फाईल जोडली जात होती. त्यावर स्टुअर्ट फेल्डमन यांनी "एकाच फाईलमध्ये लिहा" असं सांगितलं नाही. त्यांनी १९७६ साली 'मेक' हे साधन बनवलं. कोणती फाईल कशावर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवायचं, मग बदललं तेवढंच ते पुन्हा करतं. चुकीला उत्तर असंही देता येतं.

आणि मराठीच्या बाईंना आवडलेली एक गोष्ट. कंपाइल म्हणजे संकलन करणं. हे नाव या कामाला का पडलं असेल, याचं मला कोडं होतं. ग्रेस हॉपर या गणिताच्या प्राध्यापक बाई. त्यांनी १९५२ च्या सुमारास जो ए-झिरो नावाचा पहिला 'कंपायलर' केला, तो मुख्यतः टेपवरचे तयार तुकडे क्रमांकावरून गोळा करून जोडायचा. म्हणजे आज ज्याला लिंकर म्हणतो त्याच्याच जवळचं काम! जोडणं ही मागाहून आलेली कटकट नाही, मंडळी. या विद्येची सुरुवातच तिथून आहे.

आता कबुली. ही सवय मला ओळखीची आहे असं म्हटलं, ते का? मीही तेच केलं म्हणून. वर्षानुवर्षं मी निबंधाचे परिच्छेद सांगितले आणि मुलांनी ते उतरवले. एका वर्षी वर्गातल्या बावन्न वह्यांमध्ये पावसाळ्याचं एकच वर्णन होतं. मार्क चांगले पडले, निकाल चांगला लागला, मला शाबासकी मिळाली. एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, आमच्याकडे पाऊस असा नसतो, मी माझा लिहू का?" मी म्हटलं, "कशाला नसत्या भानगडीत पडतेस? दिलंय ते लिही." अगदी हेच शब्द. म्हणून त्या सरांचं वाक्य ऐकल्यावर राग आला तो अर्धा त्यांचा आणि अर्धा माझाच.

तेव्हा शिकवणाऱ्यांना, आणि या ब्लॉगच्या वाचकांत तुमच्यापैकी तिघे-चौघे आहेत, हात जोडून सांगणं. दुसऱ्याच आठवड्यात मुलांना दोन फाइली आणि एक हेडर द्या. जोडायला लावा. मग मुद्दाम एक फाईल काढून घ्या आणि लिंकर काय म्हणतो ते मोठ्यानं वाचायला लावा. एक फंक्शन दोनदा लिहायला लावा. शेवटी घोषणा एक आणि फंक्शन भलतंच असं करून, काहीही न ओरडता येणारा चुकीचा आकडा दाखवा. तो आकडा कुणाच्या तरी पैशाचा आहे हेही सांगा. एक तास पुरेल.

असो. फार लांबलं. नातवानं लाइन सोडलेली नाही. सरांनी सबमिशन घेतलं, "एकाच फाईलमध्ये का नाही?" म्हणून दोन मार्क कापले. त्यानं घरी येऊन मला ते सांगितलं तेव्हा मात्र तो हसत होता. गटाचा हिशोब आता प्रोग्रॅमवर होतो आणि खजिनदार बाई वहीतही लिहितात. वही बंद करू नका, असं मीच त्यांना सांगितलं आहे.

तुमचे अनुभव जरूर कळवा. भांडायचं असेल तरी या, चहा ठेवते.